पाच मंगळवार

जवळ सरून बसा. पेटीचा भाता आता माझ्याच्यानं ओढवत नाही, पण गोष्ट अजून सांगवते, आणि ही सांगायला मी फार उशीर केला आहे. आमच्या रांजणीच्या ख्रिस्ती मंडळीची गोष्ट. तिच्यात एक ढोलकीवाला आहे, एक मास्तर आहेत, एक म्हातारी आहे. मीही आहे, आणि मी तिच्यात फारसा बरा दिसत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

नोव्हेंबरअखेरचा मंगळवार होता. शाळेचे खडू आणायला मी तालुक्याला गेलो होतो आणि दिवस कलता कलता सायकलवरून परत येत होतो. ओढ्याच्या फरशीवर आलो तर खाली पाण्याशी कुणी उकिडवं बसलेलं. बघतो तर योहान त्रिभुवन. गावात त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान, आणि शांतवनबुवांच्या कीर्तनात ढोलकी त्याची, पेटी माझी. तो ओंजळीनं कपाळ धूत होता. तोंड नव्हे, नुसतं कपाळ. धुवायचा, उपरण्याच्या टोकानं पुसायचा, टोक बघायचा, पुन्हा धुवायचा.

"काय योहानदादा, दुकानाला आज कुलूप?"

तो दचकला. मग हसला. "कौठ्याचा बाजार ना आज. पंक्चरचं सामान घेऊन गेलो होतो."

"काढली का चार पंक्चर?"

"काढली असतील."

"असतील म्हणजे? दुसऱ्यानं काढली का काय?"

"नाथा, तू पोरांना गणित शिकवतोस ते तिकडं शिकव," म्हणाला आणि उपरणं खांद्यावर टाकलं. टोक पिवळं झालं होतं.

"आणि हे काय लागलं?"

"बाजार आहे, काय काय लागतं."

त्याच्या सायकलच्या कॅरिअरला पिशवी होती. तिच्यातून नारळाची अर्धी वाटी दिसत होती, नुकती फोडलेली.

आता कौठं म्हणजे टेकाईदेवीचं गाव. टेकडीवर देऊळ, मंगळवार तिचा वार. नारळ फोडायचा, कपाळाला भंडारा लावायचा. आमच्या घरांतून हे सगळं सुटून दोन पिढ्या झाल्या होत्या, पण हळदीचा तो पिवळा रंग डोळ्यांना ओळखू येत होता. मी घरी आलो ते तोच रंग डोळ्यांत घेऊन.

खरं सांगतो, मला वाईट वाटलं नाही. कुठंतरी बरं वाटलं. पाच वर्षं मी बुवांच्या मागं पेटी वाजवत होतो आणि लोक वाहवा करायचे ती ढोलकीला. बुवा पद म्हणता म्हणता मागं वळून बघायचे ते योहानकडं. बुवांना असं वळून माझ्याकडं बघावंसं कधी वाटलं नाही.

पुढच्या मंगळवारी संध्याकाळी बुवांकडं तालीम होती. ख्रिस्तजयंतीच्या आधीचे चार रविवार आमच्याकडं दुपारी कीर्तन व्हायचं, आसपासच्या वाड्यांतले लोक बैलगाड्या जुंपून यायचे. योहान उशिरा आला. ओले केस, स्वच्छ कपाळ. ढोलकी घेऊन माझ्या डाव्या हाताला बसला आणि मान कलवून दोरी ताणायला लागला. त्याच्या कानाच्या पाळीमागं पिवळी रेघ होती.

"उशीर केलास," बुवा म्हणाले.

"सायकलची चेन तुटली होती बुवा."

"सायकलवाल्याची?"

"सायकलवाल्याचीच तुटते बुवा. दुसऱ्यांच्या नीट करण्यात त्याचं स्वतःच्या चेनकडं लक्ष कुठं असतं?"

सगळे हसले. मी हसलो नाही. चेन तुटली असती तर त्याच्या हातांना काळं वंगण असतं. हात तर धुतल्यासारखे होते.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या मधल्या सुट्टीत मी मास्तरांना सांगितलं.

शमुवेल मास्तर म्हणजे आमच्या शाळेचे मुख्याध्यापक आणि मंडळीचे थोरले पंच. प्रभूभोजनाच्या दिवशी पाळकसाहेबांच्या हातून भाकरीचं ताट घेऊन लोकांत फिरायचे ते मास्तर. त्याच पावसाळ्यात टायफॉइडनं ते मरायला टेकले होते, मिशनच्या दवाखान्यात एकवीस दिवस पडून होते, मंडळीनं उपास धरला तेव्हा उठले. मला त्यांनी तिसरीपासून शिकवलं, नोकरीला लावलं. कडक माणूस. तरुणपणी बाप्तिस्मा घेतला तेव्हा घरच्यांनी दार लावून घेतलं आणि यांनीही पुन्हा ते ठोठावलं नाही. दरवर्षी साक्षीच्या सभेत ते हे सांगायचे आणि बायका पदर डोळ्यांना लावायच्या.

मी सांगत असताना ते हातातली छडी टेबलावर सरळ ठेवत होते. सगळं ऐकून म्हणाले, "तू डोळ्यांनी पाहिलंस?"

"डोळ्यांनी, मास्तर. दोनदा."

"टेकडीवर पाहिलंस?"

"टेकडीवर नाही. ओढ्यावर पुसताना पाहिलं. आणि काल कानामागं होतं."

"लाज वाटत होती म्हणून पुसत होता." त्यांनी मान हलवली. "माझ्यासारख्यांनी घरदार सोडलं नाथा, तेव्हा कुठं ही मंडळी उभी राहिली. आणि हा मंगळवारी तिकडं आणि रविवारी इकडं. तिसऱ्या रविवारी पाळकसाहेब यायचेत. त्यांच्यासमोर सांगशील?"

"सांगेन."

"तोवर कुणाजवळ बोलू नकोस."

मी बोललो नाही. पण पंचांजवळ मास्तर बोलले असणार, पंच घरी बोलले असणार, आणि शनिवारपर्यंत पाणवठ्यावर सगळ्यांना ठाऊक होतं. योहानच्या दुकानातली गिऱ्हाइकं हवा भरून घ्यायची, पण बाकावर टेकायची नाहीत. त्याची बायको रूथ दळणाला आली की बायका गव्हाचा भाव बोलायला लागायच्या. मी हे बघत होतो आणि मनाशी म्हणत होतो, आपण फक्त पाहिलेलं सांगितलं.

दुसऱ्या रविवारी कीर्तन. आमच्या गावात एक समजूत घट्ट होती, की कीर्तनकार ज्याच्या घरी जेवतो त्याच्या घरून आख्यान घेऊन उठतो. त्या दिवशी बुवा मास्तरांकडं जेवले. मग काय, चर्चच्या पायरीवर चपला काढता काढताच लोकांचं ठरलं. माझ्या मागं सुगंधाबाई हिवाळे शेजारणीला म्हणाली, "आज सोलून काढतील बघ बुवा."

"कुणाला गं?"

"ढोलकी कुणाची?"

योहान ढोलकी पुढ्यात घेऊन बसला होता. त्याला ऐकू गेलं असणार. त्यानं डाव्या पुडीवर बोटं फिरवली आणि मला म्हणाला, "काळी दोन धर नाथा, आज बुवांचा घसा बसलाय."

बुवा उभे राहिले. डोक्यावर पागोटं, हातात चिपळ्या, त्यांचं ते ठेंगणं अंग आणि तो आभाळाएवढा आवाज. त्या दिवशी ते पट्टी खाली घेऊन गायले, पण मला आजही कुणी विचारलं की प्रवचन कसं असावं, तर मी म्हणतो, गाऊन सांगितलेलं असावं. बोललेलं कानाशी थांबतं.

त्यांनी यशया संदेष्ट्याचं भविष्य लावलं. तोडलेल्या बुंध्याला धुमारा फुटेल आणि त्या धुमाऱ्यातून राजा येईल, आणि तो राजा न्याय कसा करील ते.

"आपल्या गावचा न्याय कसा होतो?" बुवा म्हणाले. "तलाठी कागद बघतो. फौजदार तोंड बघतो. पंच कुणाचं ऐकतात? जो मोठ्यांदा बोलतो त्याचं. आणि आपण बाकीचे काय करतो? आपण खिडकीतून बघतो. मंडळी, खिडकीतून माणसाचं किती दिसतं? छातीच्या वरचं. तो अनवाणी आहे का, हे कुठं दिसतं?"

लोक हसले आणि माना वळवून योहानकडं बघायला लागले. मग बुवांनी पद उचललं:

डोळां दिसे तेवढ्यावर
निवाडा तो ना करी,
कानी पडे तेवढ्यावर
दोष ना ठेवी शिरी.
दीनांसाठी उभा राही
सत्य बांधून कमरेला,
त्याच्या दारी जाऊ चला
भार देऊ न्यायाला.

तिसऱ्या आवर्तनाला मी एक सूर चुकलो. पाच वर्षांत पहिल्यांदा. योहाननं लगेच एक तिहाई भरून माझी चूक झाकली आणि लोकांना वाटलं, काय हात आहे याचा. बुवा मागं वळून त्याच्याकडं बघून हसले.

माझं डोकं फिरलं. बुवा जेवले मास्तरांकडं आणि आख्यान योहानच्या बाजूचं? मग बुवांचे कान कुणी भरले? रूथ सकाळी बुवांकडं दूध घालायला जाते, तिनंच सांगितलं असणार. म्हणजे पुढच्या रविवारी मी खोटा पडणार. पाहिलं तर मी ओढ्यावर पाहिलं, टेकडीवर नाही, हे मास्तरांनीच विचारलं होतं ना.

आता मला माहीत आहे, की दर वर्षी दुसऱ्या रविवारी बुवा तेच भविष्य गायचे. तीस वर्षांची त्यांची ती वही होती आणि ती क्रमानं उलगडायची. त्यांना त्या दिवशी काहीच ठाऊक नव्हतं. पण आमच्या गावात कीर्तन आपल्याविषयी नाही असं कुणालाच वाटत नसे, मलाही वाटलं नाही.

म्हणून त्या मंगळवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि कौठ्याला गेलो. न्यायासाठी नाही. पक्का पुरावा हवा होता म्हणून.

बाजारात योहान नव्हता. त्याचं पंक्चरचं सामान पिंपळाखाली एका भेळवाल्याजवळ ठेवलेलं होतं.

"सायकलवाला कुठं गेला?"

भेळवाला म्हणाला, "मंगळवारी या वक्ताला तो टेकडीवर असतोय. बसा, येईल तासाभरात."

मी बसलो नाही. टेकडीच्या पायऱ्या दगडी, उंच उंच, दीडेकशे तरी असतील. निम्म्यावर पोचलो तेव्हा तो दिसला. पाठमोरा होता. ओणवा होऊन एकेक पायरी चढत होता, आणि त्याच्या पाठीवर उपरण्याच्या झोळीत एक म्हातारी होती. इतकी वाळलेली, की लांबून मला ती बोचकं वाटली. तिचे दोन्ही पाय सुजून निळे पडलेले. ती त्याच्या कानाशी बोलत होती.

"दमलास का रं?"

"न्हाई आजी. गव्हाचं पोतं यापेक्षा जड असतं."

"मग थांबलास कशाला?"

"मोजत होतो. नव्वद झाल्या."

"मागल्या वारी बी नव्वदलाच थांबला होतास. लबाड हाईस."

मी चार पायऱ्या खाली राहून मागं मागं गेलो. वर देवळासमोर त्यानं तिला हळूच खाली ठेवलं. आत नेलं नाही, उंबऱ्याशी बसवलं. गुरवानं भंडाऱ्याची वाटी आणून दिली. योहान तिच्यापुढं गुडघ्यांवर बसला, देवळाकडं पाठ करून. तिनं त्याच्या कपाळाला भंडारा भरला. भुवयांपर्यंत. मग दोन्ही तळवे त्याच्या गालांवर ठेवले आणि म्हणाली, "माझ्या सख्याला उभं ठेव गं आई. माझ्या सख्याच्या जागी हा उभा हाय, ह्याला बी उभं ठेव."

मग तिनं मला पाहिलं. "ह्यो कोण?"

योहान वळला. मला बघून त्याला राग येईल असं मला वाटलं होतं. तो नुसता थकलेला दिसला.

"आमच्या गावचा आहे आजी. पेटी वाजवतो."

"रांजणीचा? मग सख्याला वळखत असंल." तिनं माझा हात धरला. "कसा हाय रं माझा सखा? जेवतो का? तापात केस गेले म्हनं त्याचे."

"कोण सखा?" मी विचारलं.

योहान उठला. "आजी, तू बस, खोबरं खा. मी याला जरा पाणी दाखवतो." आणि मला टाक्याशी नेऊन म्हणाला, "सखाराम. बाप्तिस्म्यात शमुवेल झाला."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"मास्तरांची आई?"

"दोन वर्षांपूर्वी बाजारात मला म्हणाली, रांजणीचा का तू, माझ्या सख्याला बघतोस का. तेव्हापासून दर बाजाराला चहाला जातो. मास्तर पावसाळ्यात पडले हे मीच बोलून बसलो. हिनं लगेच नवस बोलला. सखा वाचला तर पाच मंगळवार टेकडी चढवीन त्याला आणि भंडारा लावीन. आता सखा येणार नाही हे तिलाही ठाऊक. म्हणाली, तू त्याच्या गावचा, तू उभा राहा. आजचा चौथा."

"आणि तू राहिलास."

"नाथा, मी देवीला हात जोडले नाहीत. तू पाहिलंस. म्हातारीनं लेकासाठी कपाळावर हात फिरवला, तो झटकून टाकायला मला जमलं नाही. वेशीपर्यंत राहू देतो, मग ओढ्यावर धुतो. ते चुकलं असेल तर ज्याच्यापुढं चुकलं त्याला मी रोज सांगतो."

"मग मास्तरांना का सांगत नाहीस? मंडळीत काय चाललंय तुला ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे. कुणी सांगितलं तेही ठाऊक आहे." एवढंच म्हणाला, माझ्याकडं न बघता. मी मान खाली घातली. "हिनं शब्द घेतलाय. म्हणते, त्याला कळलं तर त्याच्या लोकांत त्याला खाली बघावं लागंल. आणि खरंच आहे. मंडळी उपास धरून बसली होती मास्तरांसाठी. उद्या लोक म्हणतील, मास्तर आपल्या प्रार्थनेनं उठले का टेकाईच्या नवसानं? त्या माणसाची सगळी साक्ष मोडेल. तूही बोलायचं नाही."

"पण तुझं नाव जाईल दादा."

"रविवारी बुवांनी काय गायलं? का तुझं लक्ष सुरात होतं?" तो हसला. "सुरातही नव्हतं."

खाली उतरताना म्हातारीचं गाठोडं मी धरलं. तिनं मला खोबऱ्याची वाटी दिली. मी ती घेतली.

तिसऱ्या रविवारी उपासना झाल्यावर पाळकसाहेब, मास्तर आणि तिघे पंच शाळेच्या खोलीत बसले. पाळकसाहेब चक्रनारायण सौम्य माणूस. अशा बैठकीला बसताना चष्मा सारखा पुसायचे.

मास्तर म्हणाले, "नाथानियल, तू पाहिलंस ते सांग."

मी सांगितलं. टेकडीवर गेलो होतो. योहानच्या कपाळाला भंडारा पाहिला. खोलीत कुणीतरी सुस्कारा टाकला.

"स्वतः डोळ्यांनी?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"स्वतः."

"आणखी काही सांगायचंय?"

मी योहानकडं पाहिलं. त्यानं किंचित मान हलवली. मास्तर माझ्या समोरच बसले होते. टायफॉइडनं गेलेले केस पांढरे होऊन परत यायला लागले होते. आयुष्यात मी पुष्कळ वेळा गप्प बसलो आहे, पण इतकं जड कधी गेलं नाही.

"नाही साहेब."

"योहान, देवीला हात जोडलेस?"

"नाही साहेब."

"मग भंडारा कसा?"

"लावून घेतला."

"कुणाकडून? कशासाठी?"

योहाननं खांद्यावरचं उपरणं काढून मांडीवर ठेवलं.

मास्तर पुढं झुकले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, तेच मला सोसवेना. "योहान, तू माझ्यापेक्षा लहान आहेस, म्हणून हात जोडत नाही, पण विनवतो. पुन्हा त्या टेकडीवर जाणार नाही, एवढं म्हण. नाव राहील, ढोलकी राहील. एवढ्या एका शब्दाचा प्रश्न आहे."

"एक मंगळवार राहिलाय मास्तर."

"काय म्हणालास?"

"या मंगळवारी जावं लागेल. त्यानंतर नाही जाणार."

तिघा पंचांतला एक जण म्हणाला, "बघा म्हणजे. तोंडावर सांगतोय." मास्तरांनी डोळे मिटून घेतले.

पाळकसाहेबांनी चष्मा घातला. "तुला काही बाजू मांडायची असेल तर ही वेळ आहे, बाळ."

"माझा निकाल ज्याच्याकडं आहे साहेब, त्याला ती टेकडी ठाऊक आहे. तिच्या पायऱ्यासुद्धा." मग त्याला वाटलं असावं की हे उद्धट झालं, म्हणून म्हणाला, "तुमचा हुकूम मोडणार नाही. म्हणाल तिथं बसेन."

पुनरुत्थानाच्या सणापर्यंत, म्हणजे ईस्टरपर्यंत, त्याला प्रभूभोजनातून बाहेर ठेवलं. आमच्याकडं अशा माणसानं दारालगतच्या चटईवर बसायचं आणि भाकरी निघाली की उठून बाहेर जायचं. पुढच्या रविवारी बुवा ढोलकीशिवाय उभे राहिले. दोन पदं गायले आणि म्हणाले, "मंडळी, आज पायाखाली जमीन नाही," आणि खाली बसले.

पाचव्या मंगळवारी मी योहानबरोबर गेलो. निम्म्या पायऱ्या म्हातारीला मी घेतली. ती माझ्या कानाशी म्हणाली, "तू त्याच्यावानी चढत न्हाईस. हिसके देतोस." खाली आल्यावर तिनं विचारलं, "झाले ना पाच?" योहान म्हणाला, "झाले आजी." ती इतकी सुखावली, की तिथंच उन्हात झोपली.

मार्चात, एका सकाळी शाळेच्या दाराशी कौठ्याचा एक माणूस सायकल धरून उभा राहिला. मास्तर आणि मी हजेरी घेत होतो.

"सलाम मास्तर," तो म्हणाला, आमची रीत ठाऊक असावी. "सायकलवाला योहान कुठं राहतो?"

"काय काम?"

"त्याची आई वारली. माणसं खोळंबलीत."

मास्तर म्हणाले, "त्याची आई वारून दहा वर्षं झाली. तुम्ही चुकलात."

"चुकेन कसा? आमच्या आळीचीच म्हातारी. पाच मंगळवार हिला पाठीवर घेऊन टेकडी चढला, सगळ्या कौठ्यानं पाहिलंय. एवढं पोटचं पोरगं करत नाही. लोक म्हणतात खरा लेक दुसरा आहे, सखाराम नावाचा, पण तो काही आम्ही कधी बघितला नाही."

मास्तरांच्या हातात हजेरीचं पुस्तक होतं. ते त्यांनी मिटलं. मग म्हणाले, "नाथा, तुला ठाऊक होतं?"

"हो मास्तर."

"केव्हापासून?"

"बैठकीच्या आधीपासून. त्यानं शब्द घेतला होता. म्हातारीनं त्याच्याकडून घेतला होता. तुम्ही तापातून उठावं म्हणून तिचा नवस होता."

ते उन्हात गेले. टोपी खुंटीलाच राहिली. मी योहानला बोलावलं आणि आम्ही तिघं कौठ्याला गेलो. चार मैल मास्तर सगळ्यांच्या पुढं चालत होते.

अंगणात तिला नीट निजवलं होतं. माणसं जमली होती. भावकीतला एक म्हातारा म्हणाला, "चला, मडकं कोण धरतंय? लेक कुठं हाय?"

सगळ्यांनी योहानकडं पाहिलं. योहान एक पाऊल मागं सरला. त्यामुळं मास्तर एकटेच पुढं राहिले.

त्यांनी मडकं धरलं. अंगणातून बाहेर पडताना योहान त्यांच्यामागं एक हात अंतर ठेवून चालत होता, तोल गेला तर धरता यावं म्हणून.

त्यानंतरच्या रविवारी पाळकसाहेब आले होते. प्रभूभोजन होतं. गावात बातमी आधीच फिरली होती, त्यामुळं चर्च गच्च. आता मास्तरांना शिस्त लावणार, कोण म्हणे त्यांचं पंचपद जाणार, कोण म्हणे योहाननंच मुद्दाम सगळं जुळवून आणलं. सुगंधाबाई हिवाळे तर पुढची जागा सोडून मधे येऊन बसली होती, दोन्हीकडचं दिसावं म्हणून.

मास्तर उशिरा आले. दारात चपला काढल्या आणि पुढं न जाता चटईवर योहानच्या शेजारी मांडी घातली. योहान कुजबुजला, "मास्तर, तुमची जागा पुढं आहे." मास्तरांनी मान हलवली.

पाळकसाहेबांनी भाकरी मोडली आणि ताट घेऊन थांबले. ताट घ्यायला कुणी उभं राहिलं नाही. योहान रीतीप्रमाणं बाहेर जायला उठला. मास्तरांनी त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं. एक पंच म्हणाला, "साहेब, शिस्तीचं काय?"

पाळकसाहेबांनी त्याच्याकडं पाहिलं. "शिस्त ज्यानं मागितली होती, तोच तिथं बसलाय," म्हणाले, आणि स्वतः ताट घेऊन बाकांच्या मधून चालत दारापर्यंत आले. मी पेटीवरून हात काढले होते.

ताट त्यांनी मास्तरांपुढं धरलं. मास्तरांनी ते योहानकडं सरकवलं.

"आधी तुम्ही," योहान म्हणाला.

"तू घे."

"वडीलधारे आहात तुम्ही मास्तर."

"घे रे बाबा," मास्तर म्हणाले. योहाननं भाकरीचा तुकडा घेतला. मग ताट धरलं, आणि मास्तरांनी घेतला. मागच्या बायका रडत होत्या. बुवा पुढं कुठंतरी हलक्या आवाजात पद लावत होते आणि ढोलकीला हात लावायला कुणी नव्हतं, तसंच ते गायले.

योहानला जाऊन आता वीस वर्षं झाली. त्याची आठवण सगळी मंडळी काढते, दर ख्रिस्तजयंतीला त्याचं नाव निघतं, त्याला माझी गरज नाही. माझं मागणं दुसरं आहे. शमुवेल मास्तर त्यानंतर अकरा वर्षं जगले. साक्षीच्या सभेत पुन्हा कधी उभे राहिले नाहीत. दर मंगळवारी चालत कौठ्याला जायचे आणि आईच्या अंगणात झाडून यायचे. त्यांना मूल नव्हतं, त्यामुळं त्यांचं नाव घेणारं कुणी राहिलेलं नाही. आज घरी जाऊन प्रार्थनेला बसाल, तेव्हा एकदा त्यांची आठवण करा.